पहिले दोन शब्द

माझा मुलगा वाक्य सुरू करतो आणि मधेच सोडून देतो. लहानपणापासून तसाच आहे. "आई, मला..." एवढं म्हणून तो आढ्याकडे बघत राहायचा आणि मी म्हणायचे, "भूक लागलीय." त्याला खरंच भूक लागलेली असायची. आता त्याचे केस पिकले, तरी मी त्याला बाळ म्हणते आणि त्याच्या वाक्यांना शेपूट जोडते. माझा धंदाच तो होता. मी नाटकात प्रॉम्प्टर होते. उभा जन्म विंगेतल्या अंधारात गेला, हातात संहिता धरून, अडलेल्या नटांच्या कानात त्यांचीच वाक्यं घालण्यात. प्रेक्षकांनी मला कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो माझ्या कामावरचा डाग ठरला असता.

बाळ आणि सूनबाई नाटकांचे पडदे रंगवतात. खाली कारखाना, वर आमचं बिऱ्हाड. कारखाना म्हणजे एक उंच, लांबलचक दालन आणि छताच्या दांड्यांवर टांगलेले भिंतीएवढाले कापडी पडदे. पडद्यावरचं खालचं सगळं सूनबाईचं: रस्ते, घरं, झाडं, पाणी. आकाश बाळाचं. तसं आकाश दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं लोक म्हणतात. मी आई, म्हणून मी गप्प बसते.

वरच्या माझ्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडत नाही, आत कारखान्यात उघडते. त्यामुळे माझ्या खिडकीबाहेर कधी जंगल असतं, कधी राजवाड्याचा जिना, कधी एखादं बंदर. दुपारी डुलकी लागते आणि जाग येते तेव्हा बाहेर दुसरंच गाव येऊन उभं असतं. मग मीही जरा वेळ त्या गावातली होते, तिथल्या गल्लीत वळते, तिथल्या दिव्याखाली थांबते. खाली रंगात घालायचा सरस शिजवल्याचा वास आला की कळतं, आपण आपल्याच खाटेवर आहोत.

याच खिडकीतून मी त्या दोघांना वेगळं होताना पाहिलं. भांडण नाही, आदळआपट नाही. आधी दोघं एकाच पडद्यापुढे उभी राहून काम करायची, एकमेकांच्या बाहीला रंग पुसायची. मग ती सकाळी जमीन रंगवायला लागली आणि तो दुपारी आकाश. क्षितिजाच्या रेषेवर तेवढी गाठ पडायची, तीही पुढे बंद झाली. एक दिवस जेवताना सूनबाई म्हणाली, "आई, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय." बाळ म्हणाला, "म्हणजे, आम्हाला असं..." आणि ताटाकडे बघत राहिला. त्या वाक्याला शेपूट जोडायची माझी छाती झाली नाही.

माझा धाकटा दीर लगेच धावून आला. त्याला दुसऱ्याच्या घरात आग दिसली की आधी फुंकणी आठवते. ओळखीतला वकील त्याने आधीच गाठून ठेवला होता. सूनबाई म्हणाली, "काका, कोर्टात उभं राहायचं म्हणजे मी याच्याविरुद्ध काहीतरी सांगायचं, यानं माझ्याविरुद्ध. आम्हाला वेगळं व्हायचंय, वैरी नाही व्हायचं." मग तिनेच मध्यस्थबाई शोधून काढल्या. घटस्फोटाचं सगळं समोरासमोर बसून ठरवायचं, त्याचा मसुदा करायचा आणि कोर्टात जायचं ते फक्त शिक्क्यापुरतं, असं त्यांचं काम.

आणि मी? मी कुठे जाणार, हे कुणी विचारलंच नाही, कारण कुणाला तो प्रश्नच वाटला नाही. बाळाला दुसऱ्या गावी एका शाळेत चित्रकला शिकवायचं काम मिळालं होतं. आई मुलाबरोबर जाते. दिराने तर माझी ट्रंक माळ्यावरून काढून पुसूनही ठेवली.

मला जायचं नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकते. मला या खिडकीपाशी राहायचं होतं, आणि त्याहून जास्त, मला सूनबाईजवळ राहायचं होतं. मुलगा माझं सगळं ऐकतो. सून माझ्याशी भांडते. म्हातारपणी ऐकणारं माणूस घेऊन करायचं काय? संध्याकाळी ती वर येते, हातापायांचे रंग खरवडत माझ्या खाटेवर बसते, आणि आम्ही दोघी खिडकीतून ओला पडदा बघत चहा पितो. मी म्हणते ते झाड लंगडतंय, ती म्हणते तुमचा चष्मा लंगडतोय. माझी नखं ती कापते, तेसुद्धा ओरडत. पण माझ्या मुलापासून सुटू पाहणाऱ्या बाईला "मला ठेवून घे" असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

मध्यस्थबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या काखेत एक छोटी उशी होती. "भांडणाच्या घरातल्या खुर्च्या टोचतात, म्हणून मी माझी सोय बरोबर ठेवते," म्हणाल्या. त्यांना ऑफिस होतं, पण वेगळं होणारी माणसं जिथे राहतात ती जागा बघितल्याशिवाय त्यांना काही सुचत नसे. त्या दिवशी बाजाराच्या रस्त्याचा पडदा लागला होता. त्याच्यापुढे टेबल मांडलं, बाईंनी उशीवर बूड टेकलं, मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, आणि मागच्या रंगवलेल्या दुकानात आत्ताच काहीतरी घेऊन आल्यासारख्या प्रसन्न दिसू लागल्या.

"माझा एकच नियम," त्या म्हणाल्या. "बोलणाऱ्याला थांबवायचं नाही आणि थांबलेल्याला बोलतं करायचं नाही. थांबलाय तर थांबू दे. आपण बसू."

हे मी कुठून ऐकलं? पडद्यामागून. चष्मा खाली राहिला म्हणून मी जिना उतरले होते आणि मग मी जिथे जन्मभर उभी राहिले तिथे माझे पाय आपोआप जाऊन थांबले. मागे एक स्टूल होतं. कापडातून उजेड झिरपत होता, त्या तिघांच्या सावल्या बाजारातल्या गर्दीत मिसळल्या होत्या. माझं मन कसं निवांत झालं. कितीतरी वर्षांनी मी कामावर आले होते.

त्या बैठकीत पडद्यांचा विषय निघाला. "कोर्टात गेलात तर म्हणतील, निम्मे निम्मे घ्या," बाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडे प्रत्येक पडद्यात दोघंही आहेत."

"कात्री चालवायची तर क्षितिजावरून चालवावी लागेल," सूनबाई म्हणाली, आणि बाळ हसला. तीही हसली. पडदे न वाटता कारखान्यातच ठेवायचे आणि कारखाना तिने चालवायचा, असं ठरलं. पैशाचंही काहीतरी ठरलं, ते रटाळ होतं म्हणून मी जरा डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या वेळी जंगल होतं. धुक्यातलं, पहाटेचं. टेबलावरच्या चहाची वाफ वर जात होती आणि त्या धुक्याला मिळत होती. दुपारचा तो सुस्त प्रहर, बाहेर कुणीतरी लोखंडी शटर ओढतंय, लांबवर एक कुत्रं कंटाळून भुंकतंय. स्टुलावर बसल्या बसल्या मी कधी त्या झाडांत शिरले मला कळलं नाही. पायाखाली ओली पानं होती. पुढे दोन माणसं चालली होती, त्यांची पाठ ओळखीची होती, आणि मी त्यांना हाक मारणार एवढ्यात मध्यस्थबाईंचा आवाज आला.

"व्यवहाराचं बरंचसं झालं. आता एक विचारते. नाही सांगितलंत तरी चालेल. का वेगळं होताय?"

सूनबाई म्हणाली, "मला अंदाज करून करून कंटाळा आलाय. हा रागावलाय का, हा खूश आहे का, याला माझ्याबरोबर राहायचंय का. सगळं मीच ओळखायचं. भिंतीशी बोलावं तर निदान भिंत मी रंगवलेली तरी असते." तिचा आवाज चढला नव्हता. "यानं मला आजवर एक वाक्य पूर्ण सांगितलेलं नाही."

बाई बाळाकडे वळल्या. बाळाने घसा साफ केला. "मला असं वाटतं," तो म्हणाला, "मला असं वाटतं, की आपण..."

आणि थांबला.

ज्यांनी विंगेत दिवस काढले नाहीत त्यांना ती शांतता समजायची नाही. वाक्य मोडून पडलेलं असतं आणि हजार डोळे त्या भोकाकडे बघत असतात. नियम वगैरे सगळं विसरले. पडद्याच्या कडेशी तोंड नेलं, आणि बाळाला बरोबर ऐकू जाईल, दुसऱ्या कुणाला नाही, अशा आवाजात मी म्हटलं, "पुन्हा एकदा प्रयत्न करून बघू."

"की आपण पुन्हा एकदा प्रयत्न करून बघू," बाळ म्हणाला.

कापडाच्या फटीतून मला सूनबाईचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी विसरणार नाही. तिने कप खाली ठेवला. तिच्या कपाळावरची ती कायमची आठी एकदम गेली, आणि ती तशी दिसू लागली जशी पहिल्या दिवशी रंगाची बादली घेऊन आमच्या दारात उभी होती. तिने बाळाकडे बघितलं. बाळ खाली बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

सूनबाईने त्या लाल कानांकडे बघितलं. मग हळूच मान वळवून पडद्याकडे.

"आई," ती म्हणाली, "बाहेर या."

मी जंगलातून बाहेर आले. दुसरं काय करणार?

"क्षणभर मला खरं वाटलं," सूनबाई म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि तोंड धुवायला निघून गेली. तिने मला बोल लावला असता, भांडली असती, तर मी सुटले असते. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. माझ्याच पायांवर धोंडा पाडून घेतला होता मी, आणि तोही तिच्या पायांवरून घरंगळत आला होता. तिचा संसार टिकला तर माझी खिडकी टिकेल, एवढं साधं ते गणित होतं. शिवाय धंद्याचीही चूक होती. चांगला प्रॉम्प्टर कधी सबंध वाक्य देत नाही. तो पहिले दोन शब्द देतो. वाक्य खरंच नटाच्या आत असेल तर उरलेलं त्याला सापडतं, आणि नसेल तर त्याने अडावं हेच बरं.

मला वाटलं, मध्यस्थबाई आता मला वर पिटाळणार. त्यांनी उलट एक खुर्ची ओढली. "कोर्टाच्या कागदावर दोनच नावं असतात," त्या म्हणाल्या. "तिथं तुम्हाला कुणी हाक मारली नसती. पण माझ्याकडे या घटस्फोटानं ज्याची ज्याची झोप उडणार आहे त्याला खुर्ची मिळते. पुढच्या वेळी तुम्ही इथं बसायचं. समोर."

समोर! मी आयुष्यात कधी समोर बसले नव्हते. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. सूनबाई माझ्याशी बोलत होती, पण भांडत नव्हती. चहा आणून देत होती आणि खाली जात होती. ट्रंक खाटेशेजारी उघडी पडली होती. तिच्यात दोन लुगडी टाकली, काढली, पुन्हा टाकली.

तिसऱ्या बैठकीला समुद्राचा पडदा होता. सूनबाईने पाणी पुरं केलं होतं, लाटा पार टेबलाच्या पायांपर्यंत आल्या होत्या. पण वर नुसतं कोरं, पांढरं कापड. बाळाने त्याला हातच लावला नव्हता. आकाश नसलेल्या समुद्रापुढे आम्ही चौघं बसलो होतो, कुठलीतरी बोट चुकलेल्या माणसांसारखे. उजेड त्या पांढऱ्या कापडावर पडून सगळ्यांच्या तोंडावर येत होता. माझे डोळे दिपले. विंगेतून हे इतकं उजेडाचं दिसत नाही.

"आता आई," मध्यस्थबाई म्हणाल्या. "आई कुठं राहणार?"

"आई मुलाबरोबरच," असं दीर असता तर लगेच म्हणाला असता. नशीब, तो नव्हता. सूनबाई अंगठ्याच्या नखातला निळा रंग उकरत होती.

"मी यांना विचारते," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय हवंय?"

किती सोपा प्रश्न! राजांची वाक्यं मला पाठ होती, भिकाऱ्यांची होती, मरणाऱ्यांची होती. प्रेमात पडलेल्या पोरींना मी अर्ध्या श्वासात वाक्य देत असे. आणि आता माझी पाळी आली तर आत काही नाही. मी बाईंकडे बघितलं, लाटांकडे बघितलं, त्या कोऱ्या कापडाकडे बघितलं. घड्याळ पर्समध्ये होतं, त्यामुळे बाईंना कसलीच घाई नव्हती. शांतता पसरत गेली, पाणी जमिनीवर पसरतं तशी, आणि मी तिच्यात बुडत चालले. नाकातोंडात समुद्र जातोय असं वाटलं. आता मी "मुलाबरोबर" म्हणणार होते. ते वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं, मलाही.

तेवढ्यात माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी बोललं. इतक्या हळू, की तो आवाज माझ्याच डोक्यातला वाटावा.

"मला इथं..."

बाळ कपात बघत होता. त्याचे ओठ हललेले दिसले नाहीत. दोनच शब्द दिले त्याने, आणि थांबला. बरोबर जिथे थांबायला हवं तिथे.

आणि उरलेलं माझ्या आत होतं की! "मला इथं राहायचंय," मी म्हटलं. आवाज चिरकला, पण शेवटच्या रांगेत गेला असता. "माझ्या खोलीत. सूनबाईजवळ. मला नाही जायचं गं कुठं."

मध्यस्थबाईंच्या कानावर ते दोन शब्द गेले होते, याची मला खात्री आहे. नियम मोडला होता आणि त्या उशी सारखी करत बसल्या होत्या.

सूनबाई उठली. मला वाटलं, पुन्हा नळाकडे जाते. ती माझ्या खुर्चीशी आली आणि उभी राहिली. "मग एवढे दिवस ती मेली ट्रंक कशाला उघडी टाकून ठेवलीत?" ती म्हणाली. "येता-जाता माझ्या पायाला लागते. मला वाटलं, तुम्हाला जायची घाई झालीय."

"अगं, मी कुठल्या तोंडाने..."

"आणि मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? मुलाला सोडा आणि माझ्याकडे राहा म्हणून?" ती आता खरंच ओरडत होती, आणि रडतही होती, आणि माझ्या जिवात जीव आला. "पण आई, एक सांगून ठेवते. माझी वाक्यं मी बोलणार. खिडकीतून एक शब्द खाली आला तर खिडकीवर पडदा मारीन."

"मार की," मी म्हटलं. "फक्त झाड लंगडतं काढू नकोस."

बाईंनी ते मसुद्यात कसं लिहिलं कोण जाणे. पुढे कोर्टात त्याच्यावर शिक्का बसला, आणि शिक्का मारणाऱ्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही, असं सूनबाईने सांगितलं. पण ते नंतरचं.

त्या दिवशी बाई उशी काखेत मारून निघाल्या. बाळ टेबल आवरत होता. मी जिना चढत होते तेव्हा तो मागून म्हणाला, "आकाश करून जाऊ का?" मी वळले. तो सूनबाईला विचारत होता. सबंध वाक्य होतं, आणि त्यात माझा एक शब्द नव्हता.

"कर," सूनबाई म्हणाली. "पण संध्याकाळचं नको. कारखान्यात मला रोज ते बघावं लागेल."

बाळाने दुपारचं आकाश केलं. मी खिडकीत बसून बघत होते. लांब दांड्याचा ब्रश घेऊन तो शिडीवर चढला आणि वरच्या कडेपासून खाली येत गेला. निळा, मग फिका, मग आणखी फिका, आणि अगदी खाली जिथे पाणी सुरू होतं तिथे जवळजवळ काहीच नाही. सूनबाई शिडी धरून उभी होती. हे मी कितीतरी वर्षांनी पाहत होते. मधेच माझा डोळा लागला असावा, कारण एकदा मी त्या पाण्याच्या काठाने चालत होते, आणि उन्हाने पाय भाजत नव्हते.

जाग आली तेव्हा तो शिडीवरून उतरला होता. ब्रश क्षितिजाच्या रेषेशी थांबला होता. बाळ सूनबाईकडे वळला आणि त्याने तोंड उघडलं. पुढे काही आलं नाही. सूनबाई वाट बघत होती.

त्याला काय म्हणायचं होतं, ते मला माहीत होतं. मला वाटत होतं, की माहीत होतं. वाक्य माझ्या दातांमागे येऊन उभं राहिलं. खिडकी उघडी होती, नुसतं कुजबुजले असते तरी गेलं असतं. मी पदराचा बोळा करून तोंडावर धरला. ती शांतता मी जन्मात सोसली नव्हती तेवढी लांबली. रंग ओघळत होता, तरी तो उभाच होता, आणि तीही.

मग बाळ बोलला. चांगलं मोठं वाक्य होतं. त्याचा हात हलत होता, एकदा त्याने छातीला लावला. सूनबाईने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्याच्या बाहीला हात पुसला.

तो तिच्यापुरतंच हळू बोलला; काय म्हणाला, ते वर ऐकू आलं नाही. अंधार पडायच्या आत सूनबाई वर आली, खाटेवर बसली, नखातला रंग उकरू लागली. तिचे डोळे सुजले होते. विचारायला माझी जीभ वळवळत होती. मी उठले आणि आम्हा दोघींसाठी चहा टाकला.